चार बोटं काळी माती

“मलई काढून दूध मापू नका, साब.”

चाचांनी हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं, आणि तेही चारचौघांत. शेतकी शाळेची परीक्षा पास होऊन मी बार्शीकडून उस्मानाबादला नुकताच रुजू झालो होतो. जमिनीची पाहणी करणारं आमचं लहानसं पथक होतं. गावोगाव जायचं, मातीचे नमुने काढायचे, मांजरपाटाच्या पिशव्यांत भरून प्रयोगशाळेला पाठवायचे. तिकडून उत्तर यायचं की या मातीत कर्ब किती आणि नत्र किती. कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्यामुळ्यांचा अंश, ज्यानं माती काळी आणि मऊ राहते. नत्र हे पिकाचं अन्न, आणि ते बहुतेक त्या कुजलेल्या अंशातच दडलेलं असतं. हे सगळं मी पुस्तकातून पाठ करून आलो होतो. मोठ्या ऐटीत एका बांधाजवळची वरची माती बाजूला सारली आणि खड्डा घ्यायला लागलो, तर चाचांनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि वरचं वाक्य बोलले. मजूर तोंड फिरवून हसले. मला असा राग आला की दुपारची भाकरी गोड लागली नाही.

चाचा आमच्या पथकाचे जमादार होते, निजामाच्या अमदानीपासून नोकरीत. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, सगळी कचेरी त्यांना चाचाच म्हणायची. उंच वाळकं अंग, मेंदीनं लाल झालेली दाढी, उन्हाळ्यातसुद्धा अंगात खाकी कोट. कोटाच्या एका खिशात सुपारी आणि दुसऱ्यात मातीची ढेकळं. सुपारी समजून ढेकूळ तोंडात टाकल्याचं मी दोनदा पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते लगेच थुंकलं नाही, जरा चघळून मग थुंकलं. तुमच्याही कचेरीत असा एक माणूस असेल बघा, ज्याला काम सगळ्यांपेक्षा जास्त येतं आणि ज्याचा हुद्दा सगळ्यांच्या खाली असतो.

शेतात उतरताना ते बांधावर चपला काढून ठेवायचे. देवळा-मशिदीत जाताना काढतो तशा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, जमीन आधी पायाला कळते, हाताला मागून. मग उकिडवं बसून चिमूटभर माती तळहातावर घ्यायची, थुंकीनं भिजवायची आणि दोन बोटांत वळायची. शेवई लांब निघाली तर चिकण, मध्येच तुटली तर हलकी. ही खोड घरीही सुटली नव्हती. चाचीनं कणीक भिजवली की चिमूटभर वळून बघायची आणि म्हणायचं, मुरूम जास्त झालाय. त्यावर चाची दोन दोन दिवस बोलत नसे. हेही तेच कौतुकानं सांगायचे.

त्यांचा आणि आमच्या पथकाच्या साहेबांचा कायमचा वाद होता तो नमुन्यांवरून. नियम असा होता की एका गटाचा एक नमुना. गटात आठदहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, ती माती एका कापडावर एकत्र करायची, तिचे चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत करत शेवटी अर्धा शेर माती उरते, ती पिशवीत. चाचांना हे मान्य होतं, पण सपाट रानापुरतं. आमच्या जिल्ह्यात बालाघाटाचे डोंगर. एकाच गटात माथा असतो, उतार असतो आणि ओढ्याकाठचा सखल भागही असतो. कुठं गवत, कुठं ज्वारी, कुठं बाभळी. ते तीन पिशव्या भरायचे आणि साहेब दोन परत करायचे.

“टेकडीचं डोकं अन् टेकडीचं पाय एका टोपीत बसवाया लागलेत ह्ये,” चाचा मला म्हणायचे. साहेबांना म्हणायचे नाहीत.

पिशवीत ते एक चिठ्ठी टाकायचे. माथा, गवत, कधी न नांगरलेला. उतार, वीस वर्षं ज्वारी. तळ, गाळाची. चिठ्ठी उर्दूत असायची, कारण त्यांना तेवढंच लिहिता येत होतं. जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर कचेरीतली उर्दू गेली, आणि तिच्याबरोबर चाचांची बढतीही गेली. त्यांच्या हाताखाली खड्डे घ्यायला शिकलेला एक जण त्यांच्या वरच्या खुर्चीवर बसला. चाचांनी त्यालाही सलाम केला. मला बघवलं नाही. तेव्हापासून मी त्यांच्या चिठ्ठ्या मराठीत उतरवून देऊ लागलो. ते सांगायचे, मी लिहायचो. हळूहळू माझा पहिल्या दिवशीचा राग गेला आणि मी त्यांच्याकडून काम शिकलो. म्हणजे, शिकलो असं मला वाटत होतं.

आता मुख्य गोष्ट.

जळकोटच्या अलीकडं डोंगरमाथ्यावर एक गाव आहे. तेही नाव सांगत नाही, अजून माणसं आहेत तिथं. ते चाचांचं गाव. गावाच्या वर सपाट माथा, त्यावर गावाचं गायरान. कुणी कधी नांगर लावलेला नाही, नुसतं गवत. गवताखाली चार बोटं काळी माती आणि तिच्याखाली एकदम पांढरा मुरूम. एका कडेला दगडी गडग्यातलं कब्रस्तान. गावात भूमिहीन घरं बरीच होती आणि गायरान फोडून त्यांना जमीन द्यायचं सरकारच्या मनात होतं. चांगलंच होतं ते. ज्यांच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याच्या बांधावर कामं केली त्यांना स्वतःचा बांध मिळणार होता. फक्त आमच्या कचेरीकडून अहवाल हवा होता की हा माथा नांगरायला चालेल का.

चाचांचं म्हणणं सरळ होतं. त्या लोकांना जमीन द्या, पण ओढ्याकडची सरकारी पडीक द्या, ती खोल आहे. माथ्यावरचं गवत राहू द्या. त्या चार बोटांत जे आहे ते गवतानं शंभर वर्षं मुळं कुजवून साठवलंय. नांगर लागला की ते उघडं पडेल, दोन वर्षांत पिकं खातील आणि उरलेलं पाणी खाली नेईल. मला हे पटत होतं. माथ्यावरची माती आणि उतारावरची माती वेगवेगळी तपासली की कागदावरच दिसेल, माथ्यावर काय आहे आणि नांगरलेल्या उतारावरून काय गेलंय. मग साहेबांनाही नाही म्हणता येणार नाही, असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

आणि नेमका तेव्हाच चाचांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. चपला बांधावर, दुसरं काय. टाच सुजून भोपळा झाली, ताप भरला, ते घरी पडले. मी बघायला गेलो तेव्हा म्हणाले, साब, माथ्याची माती मी आल्यावर काढा. मी हो म्हणालो. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. गायरान वाटपाची बैठक जवळ आली होती, नमुने आठवड्याच्या आत हवे होते. मी म्हणालो, जमादार आजारी आहेत. साहेब म्हणाले, मग तुम्हाला सरकारनं कशाला ठेवलंय?

मी दोन मजूर घेऊन माथ्यावर गेलो. उतारावरचे खड्डे झटक्यात झाले. माथ्यावर आलो आणि तिथं सगळं अडलं. गवताची मुळं अशी गच्च विणलेली की कुदळीला माती येईना, नुसता जाडजूड पापुद्रा सुटून येई. त्यात माती कमी आणि मुळं जास्त. चाळणीत घातला की चाळणी गच्च. एक नमुना व्हायला तास गेला. ऊन चढलं होतं. माझ्या खिशात सूचनांचा छापील कागद होता, त्यात स्वच्छ लिहिलं होतं की वरचं गवत व कचरा दूर करून नमुना घ्यावा. मी मजुरांना सांगितलं, हा पापुद्रा सोलून बाजूला टाका आणि खालची घ्या. त्यांनी सोललं. खालची माती पांढुरकी, मोकळी, चाळणीतून पिठासारखी पडायला लागली. मला बरं वाटलं. दुपारपर्यंत सगळ्या पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या टाकल्या, नीट मराठीत, सुवाच्य अक्षरात. माथा, गवत, कधी न नांगरलेला.

तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. दोन वर्षं त्या माणसाच्या मागं हिंडूनसुद्धा आलं नाही. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं. उतार, कर्ब कमी, नत्र कमी. माथा, कर्ब कमी, नत्र कमी. म्हणजे माथ्यावर राखण्यासारखं काही नाहीच. साहेबांनी त्याच दिवशी अहवाल लिहिला की गायरान लागवडीस देण्यास हरकत नाही.

चाचा काठी टेकत कचेरीत आले ते त्यानंतर चार दिवसांनी. प्रत्येक नमुन्यातली थोडी माती आम्ही कचेरीत राखून ठेवायचो. ते थेट कपाटाकडं गेले, माथ्याची पिशवी काढली, माती तळहातावर घेतली. थुंकी लावायचीसुद्धा गरज पडली नाही.

“मलई कुठं गेली, साब?”

मी छापील कागद काढून दाखवला. गवत व कचरा दूर करून, असं लिहिलंय चाचा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीचं तोंड परत बांधलं, जागेवर ठेवली आणि खाली बसले. मग म्हणाले की एवढं काही बिघडलं नाही. एक अर्ज लिहा. नमुना चुकला, पुन्हा घ्यावा. एवढंच. मी परत माथ्यावर येतो, लंगडत येतो, पण आपण नीट काढू.

एवढंच लिहायचं होतं. चार शब्द. पण खाली सही माझी लागणार होती, आणि माझी नोकरी अजून कच्ची होती. साहेबांचा अहवाल वर गेला होता. तो चुकीचा आहे असं मीच लिहून द्यायचं, आणि तेही माझ्याच हातानं चुकलंय म्हणून. मी म्हणालो, उद्या लिहितो.

उद्या मी दौऱ्यावर गेलो. परवा म्हणालो, साहेब आज तापलेत. चाचा रोज माझ्या टेबलाजवळ येऊन थोडा वेळ उभे राहायचे आणि जायचे. शेवटी त्यांनी स्वतःच उर्दूत अर्ज लिहिला आणि साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. हे वाचणार कोण, म्हणाले. मग सगळ्यांसमोर विचारलं, जमादार, त्या गायरानात तुमच्या भावाच्या म्हशी चरतात ना? कचेरी हसली. चाचांच्या भावाच्या दोन म्हशी होत्या, आणि त्या तिथंच चरत होत्या, हे खरंच होतं. चाचा सलाम करून बाहेर आले. मी त्या वेळी खाली मान घालून एका नकाशावर रेघा मारत होतो.

गायरान फुटलं. नांगर लागले. आणि पहिल्या वर्षी त्या माथ्यावर ज्वारी आली ती अशी की माणूस आत शिरला तर दिसू नये. दुसऱ्या वर्षीही तशीच. लोक खूष, साहेब खूष. हुरड्याला आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. ज्यांना जमीन मिळाली त्यातला एक पन्नाशीचा गडी चाचांना स्वतःच्या हातानं हुरडा चोळून देत होता आणि चेष्टेनं विचारत होता, काय चाचा, तुमी तर म्हणला हुता काय बी यायचं न्हाय? चाचांनी हुरडा खाल्ला, वर गूळ खाल्ला. वाद घातला नाही. त्या माणसाच्या तोंडावरचा आनंद बघून त्यांना बोलवेना, हे मला दिसत होतं. परत येताना एसटीत मला म्हणाले, साब, ह्यो हुरडा गवताचा हाय. त्येच्या शंभर वर्सांची पुण्याई. खाऊ द्या बिचाऱ्यांना.

तिसऱ्या वर्षी ज्वारी कमरेला आली. चौथ्या वर्षी गुडघ्याला. माथ्यावर पाण्यानं बोटभर घळी पाडल्या, मग हातभर. मुरूम उघडा पडला. लांबून तो माथा टक्कल पडल्यासारखा दिसायला लागला. काळी माती गेली कुठं, तर खाली ओढ्याकाठी एका बागायतदाराचा मळा होता, त्याच्या बांधाला जाऊन साचली. त्याचा ऊस काळाभोर झाला. त्यानं काही केलं नव्हतं, तो फक्त खाली होता. आणि वरच्यांना पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर कामाला जावं लागलं, बहुतेक त्याच्याच मळ्यात. हुरडा चोळून देणारा तो गडीही त्यात होता.

तक्रारी झाल्या. तोवर साहेब बदलले होते. नवे साहेब तरुण आणि कामाचे होते. त्यांनी माथ्याचे नमुने पुन्हा मागवले. या वेळी चाचा आणि मी मिळून काढले, अगदी जपून. आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी जपून. उत्तर आलं. माथा, कर्ब कमी, नत्र कमी.

साहेबांनी जुना कागद काढून नव्याशेजारी ठेवला. पाच वर्षांपूर्वी कमी, आजही कमी. म्हणाले, मग बिघडलं काय? ही जमीन आधीपासूनच अशी होती. नांगरल्यानं तिचं काही नुकसान झालेलं नाही, कागद समोर आहे.

तो जुना कागद माझा होता. मी तिथंच उभा होतो आणि आता माझी नोकरी पक्की होती. मी तोंड उघडलं. म्हणालो, साहेब, तो पहिला नमुना चुकला होता. साहेबांनी विचारलं, तशी नोंद आहे? अर्ज आहे? मी म्हणालो, नाही. मग कसं धरायचं, असं ते म्हणाले, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. चाचांचा उर्दू अर्ज मी फायलींत दोन दिवस शोधला. सापडला नाही.

बाहेर आल्यावर मी चाचांची माफी मागितली. पाच वर्षांनी. ते वडाखाली बसले होते. खिशातून सुपारी काढून तोंडात टाकली. ते म्हणाले ते मला शब्दाला शब्द पाठ आहे.

“तुमी वाईट न्हाय, साब. पर आता कागदावर कायबी झालंच न्हाय बघा. माथा गेला, अन् गेला म्हणून कुटं लिवलं बी न्हाय.”

त्याच वर्षी ते नोकरीतून निवृत्त झाले आणि गावी गेले. माझी बदली लातूरकडं झाली. अधूनमधून जळकोटवरून जाताना मी उतरायचो. माझ्या पिशवीत कुठल्या ना कुठल्या गावची माती असायची, ती त्यांच्या हातावर ठेवायचो. पुढं पुढं त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं, तरी वळून सांगायचे की ही उताराची, ही तळाची. चुकायचे नाहीत. माथ्याबद्दल आम्ही बोलत नसू. घराच्या दारातून तो दिसायचा, पण चाचा बाजेवर त्याच्याकडं पाठ करून बसायचे.

ते गेल्याचा निरोप मला सकाळी मिळाला. पहिल्या गाडीनं निघालो तरी पोचलो तेव्हा दुपारची नमाज होऊन जनाजा वर चढला होता. मी धापा टाकत मागून गेलो. वाट त्या माथ्यावरूनच जाते. दोन्ही बाजूंना पांढरा मुरूम, मधूनच खुरटी तूर, घळी. मी खाली बघत चाललो होतो. कब्रस्तानाचा गडगा ओलांडून आत पाऊल टाकलं आणि पाय एकदम मऊ पडला.

आत गवत होतं. तेच, जुनं, पोटरीला लागणारं. कब्रस्तानाला कोण नांगर लावणार? तेवढाच तुकडा सुटला होता. कबर खोदून झाली होती आणि बाजूला मातीचा ढीग पडला होता. ढिगाच्या तळाला, आधी निघालेली, काळीभोर माती. मुळांनी विणलेली. वरती पांढरा मुरूम.

माती द्यायची वेळ आली. आमच्याकडं शेजारपाजारचे सगळेच देतात, हिंदू असो की मुसलमान. तीन मुठी. मी ढिगाच्या कडेला वाकलो, मुरूम बाजूला सारला आणि खालची काळी घेतली. एक टाकली. दुसरी टाकली. तिसरी हातात घेतली आणि अंगठा आपोआप फिरला. मऊ, गार, थोडी ओलसर. वास पावसाळ्यातल्या गोठ्याचा. हीच ती. हीच मी त्या दिवशी सोलून बाजूला फेकली होती. इथं, याच माथ्यावर, या गडग्यापासून पन्नास पावलांवर. मनात आलं, ही खिशात घालावी. उद्या पिशवीत भरून प्रयोगशाळेला पाठवावी, चिठ्ठी टाकून. माथा, गवत, कधी न नांगरलेला. एक तरी कागद खरा होईल. मूठ मिटलेलीच राहिली. मागं लोक खोळंबले होते. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

चाचांचा भाऊ, तोच म्हशींवाला, माझ्याशेजारी उभा होता. त्यानं माझ्या मनगटाला हळूच हात लावला.

“सोडा, साब,” तो म्हणाला. “त्यांची हाय ती.”

मी मूठ सोडली.